स्वप्नात वांगं दिसणे: अर्थ, फळ आणि उपाय

बसा असे खाटेवर, चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर त्यात मीठमसाला जास्त असेल, आणि मीठमसाला घालायचा हक्क माझा आहे! अट एकच. हसायचं तर घोट गिळून हसा. मागे एकाला माझ्या गोष्टीने ठसका लागला आणि पाठीत गुद्दे घालायला मलाच उठावं लागलं.

तर मी सावद्याचा. शिक्षण सातवी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या आणि उरलेल्या वेळात केळी लावली. गावात मला आबा म्हणतात, आणि माझं बोलणं अर्ध्यावर आलं की उठून जातात. उरलेलं अर्धं खोटं असतं, हे सगळ्यांना ठाऊक.

पण ही गोष्ट खरी आहे. अहो, आत्ताच काय हसता?

आमची ही गेली त्याला बरीच वर्षं झाली. घरात मी आणि माझी सून वैशाली. मुलगा प्रमोद धुळ्याला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. वैशाली पाचोऱ्याची. कॉम्प्युटर शिकलेली, आणि माझ्या थापा शेवटपर्यंत ऐकून घेणारी तालुक्यातली एकमेव बाई. शेवटी फक्त म्हणते, "आबा, यातलं खरं किती?" मी म्हणतो, "तू सांग." ती दरवेळी बरोबर सांगते. अशी सून नशिबानेच मिळते!

तिच्या मनात आलं, आपल्या शेतात भरीत पार्टी सुरू करू. आता हिवाळा लागला की आमच्या जळगाव-भुसावळच्या माणसाला काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगावं? त्याला शेत पाहिजे, धूर पाहिजे, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी पाहिजेत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाहिजे, आणि हे सगळं दुसऱ्याने करून पाहिजे. आमच्याकडे शेत आहे, कडुनिंब आहे, विहिरीचं गोड पाणी आहे आणि बामणोदची वांगी हाकेच्या अंतरावर. गल्लीतल्या चार बायाही भाकरी थापायला तयार.

"आणि माणसं?" प्रमोद म्हणाला. "माणसं काय आभाळातून पडतील?"

त्याने तिच्यासाठी धुळ्याला एका ऑफिसात नोकरी बघून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावर घरही बघितलं होतं. वैशालीने एक हंगाम मागून घेतला. ठरलं असं: चंपाषष्ठी यंदा रविवारी. त्या दिवशी शेत माणसांनी भरलं आणि माणसं जेवून तृप्त होऊन गेली, तर ती सावद्यात राहणार. नाहीतर सोमवारी धुळ्याला हजर व्हायचं. आणि सामानात मीसुद्धा!

तुम्हीच सांगा, तिसऱ्या मजल्यावर बसून मी कुणाची खोडी काढू? लिफ्टची?

वैशाली मात्र शांत. म्हणाली, "आबा, माणसं आभाळातून नाही, मोबाईलमधून येणार."

मग एके दुपारी कडुनिंबाखाली, याच खाटेवर, तिने लॅपटॉप उघडला. "लोक मोबाईलला जे विचारतात ना, त्याची यादी मिळते. कीवर्ड म्हणतात त्याला. कोणता प्रश्न किती जण विचारतात तेही कळतं. ज्या प्रश्नाचं चांगलं उत्तर अजून कुणी लिहिलं नाही, ते आपण आपल्या ब्लॉगवर लिहायचं. म्हणजे विचारणारा आपोआप आपल्या दारात."

"फुकट?"

"फुकट. फक्त मनापासून लिहायचं."

आणि तिने ती यादी दाखवली. काय सांगू, दादाहो! दुपारची वेळ, केळीची पानं हलत नव्हती, विहिरीवर पारवे घुमत होते, आणि त्या पडद्यावर प्रश्न खालून वर, खालून वर सरकत होते. 'भरिताची वांगी कशी ओळखावी.' 'वांग्यात अळी आहे हे बाहेरून कसे कळेल.' 'कळण्याची भाकरी का तुटते.' 'नवरा भरीत खात नाही काय करावे.' शेजाऱ्याला विचारायला लाज वाटते, बायकोला विचारलं तर ऐकून घ्यावं लागतं, म्हणून माणूस मोबाईलच्या कानात बोलतो. मला वाटलं, सगळा मुलूख डोळे मिटून झोपेत पुटपुटतोय, आणि ते पुटपुटणं वाऱ्यावर तरंगत येऊन आमच्या कडुनिंबाच्या फांद्यांना अडकतंय. आपण फक्त खाली पदर धरून बसायचं.

मी त्या दिवशी चहा प्यायचा विसरलो. वैशालीला वाटलं मला बरं नाही.

पहिली पोस्ट तिने लिहिली आणि वाचून दाखवली. 'वांगे भाजताना योग्य ती काळजी घ्यावी.'

"ही काय ग्रामपंचायतीची नोटीस आहे?" मी म्हटलं. "कोणती काळजी? सांग की! वांगं भाजलं कधी म्हणायचं? ते स्वतःच्या अंगात मावेनासं होतं तेव्हा. देठापाशी फुस्स करून वाफ सोडतं आणि खाली बसतं, भाषण संपलेल्या पुढाऱ्यासारखं."

वैशालीने लिहिलेलं पुसलं आणि म्हणाली, "आबा, आजपासून तुम्ही बोला, मी लिहिते."

असा मी लेखक झालो! सातवीच्या मास्तरांनी हे बघायला पाहिजे होतं. पुढे तर तिने माझ्या मोबाईलमध्येच सोय करून दिली. मी बोललो की अक्षरं उमटायची. ती चुका काढायची आणि मग खालचं निळं बटण दाबून ते जगाला दाखवायची. प्रत्येक पोस्टच्या शेवटी आपोआप यायचं: 'चंपाषष्ठीपासून सावद्याला आमच्या शेतात भरीत पार्टी. जागा सांगून ठेवा.' आणि तिचा फोन नंबर. निळ्या बटणाला मी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं होतं.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. पोस्टा चांगल्या झाल्या होत्या, पण वाचणारे थोडे. वैशाली रोज सकाळी आकडा बघायची आणि भांडी घासायला लागायची. भांड्यांच्या आवाजावरून मला आकडा कळायचा.

एक दिवस ती यादी बघता बघता हसली. "आबा, हे बघा. 'स्वप्नात वांगं दिसणे.' केवढे लोक विचारताहेत!"

आता हे का, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य. कांदेनवमीला शेवटचं भरीत खायचं, ते थेट चंपाषष्ठीला देवाला दाखवून तोंडाला लावायचं. मधले चार-पाच महिने वांगं समोर मंडईत दिसतं, हिरवंगार, चकचकीत, आणि हात लावता येत नाही. मग ते बिचारं जाईल कुठे? स्वप्नात येतं! मोबाईलमध्ये नुसतं 'स्वप्नात वां' एवढं टाकलं तरी पुढचं तोच पूर्ण करायचा, इतकी माणसं झोपेत वांगी बघत होती. अख्खा खानदेश उशीला गाल लावून पडलाय आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक वांगं तरंगतंय, असं मला दिसायला लागलं.

"लिही! लिही!" मी खाटेवरून उठलोच. "ह्याचं उत्तर लिही!"

"नको आबा. त्या माणसांना जेवायचं नाहीये, त्यांना अर्थ पाहिजे. ते आपलं गिऱ्हाईक नाही. गर्दी येईल, पण भुकेली येणार नाही."

"माणूस आला की भूक त्याच्याबरोबर येतेच."

"नाही येत," ती म्हणाली. "कोण काय विचारतो यापेक्षा कशासाठी विचारतो ते बघायचं असतं."

लाख मोलाचं बोलली हो! पण तेव्हा मला ते पोरकट वाटलं. 

इथे नथ्थूनानाला आणायला पाहिजे. नाना माझ्याच वयाचा. मूळचा धुळ्याकडचा. तरुणपणी केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला, सावद्याचं पाणी लागलं, इथलाच झाला. बोली मात्र तिकडचीच ठेवलीय. दर हिवाळ्यात तो आमच्याकडे भरीत खायला येतो, आणि तीस वर्षांत त्याने मला घोटभर पाणीसुद्धा पाजलेलं नाही. 

दिवाळीच्या तोंडावर वैशाली माहेरी पाचोऱ्याला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर नाना भेटला. डोळे ओढलेले.

"काय रे नाना, झोप नाही का?"

"भो, मन्हा सपनमा रोज वांगं यी राहिनं."

"काय करतं?"

"काहीच नही. उभं ऱ्हास अन माले दखस."

म्हणजे वांगं येतं, उभं राहतं आणि नानाकडे बघतं! मला हसू आवरेना. पण चेहरा गंभीर ठेवला. ह्या कलेत मी पदवीधर आहे. म्हटलं, "नाना, ह्याचा अर्थ मले माहीत आहे."

"तू सांगशी ते खोटं," नाना म्हणाला. "मोबाईल सांगी ते खरं. पण मोबाईलमा कोठेच लिखेल नही."

झालं! कळलं ना? माझ्या कपाळात निळं बटण पेटलं.

शेतात आलो, खाटेवर पाय पसरले आणि मोबाईलला तोंड लावलं. वैशालीने शिकवलेलं सगळं वापरलं. मथळ्यात लोक विचारतात तोच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. 'स्वप्नात वांगं दिसणे: अर्थ, फळ आणि उपाय.' मग बोलत सुटलो. हिरवं वांगं दिसलं तर पाहुणा येणार. काटेरी देठ दिसला तर पाहुणा सासरचा. भाजलेलं दिसलं तर तो जेवल्याशिवाय हलायचा नाही. आणि मग खास नानासाठी:

'चातुर्मासात सोडलेलं वांगं स्वप्नात येऊन बघत असेल, तर ते परीक्षा घ्यायला आलेलं आहे असं समजावं. अशा माणसाने चंपाषष्ठीला वांग्याला तोंड लावू नये, हिवाळा सरेपर्यंत लावू नये. शेतात जाऊन, ज्याला हे स्वप्न पडलेलं नाही अशा माणसाला आपल्या हाताने पोटभर भरीत खाऊ घालावं. खाणारा जेवढी मोठी ढेकर देईल, तेवढं स्वप्न लवकर उतरेल.'

बघा तरी! नाना खाणार नाही, उलट मला भरवणार, आणि मी ढेकर देणार. तीस वर्षांची उधारी एका जेवणात वसूल! मी डोळे मिटले आणि बटण दाबलं. वर कावळा ओरडला, तो शुभशकुनच वाटला.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, हे म्हणजे नानाच्या घरासमोरच्या भिंतीवर कोळशाने लिहिण्यासारखं आहे. नाना वाचेल, बाकीचे पुढे जातील. अरे, पण तेच स्वप्न विचारणारी माणसं किती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं की नाही? आणि त्याचं उत्तर दुसऱ्या कुणी लिहिलेलंच नव्हतं! मी नानासाठी टाकलेली काडी गवताच्या गंजीत पडली.

दोन दिवसांनी नाना टपरीवर मोबाईल छातीशी धरून आला. "आबा, भो, मोबाईलमा लिखेल शे! आते मी काय खाऊ?"

"काय लिहिलंय?" मी भोळेपणाने विचारलं. त्याने मलाच माझी पोस्ट वाचून दाखवली. प्रत्येक वाक्याला मी "अरे देवा" म्हणत होतो. शेवटी त्याने विचारलं, "आबा, तुले पडनं का असं सपन?"

"कधीच नाही," मी म्हटलं. "मले फक्त माणसं दिसतात."

"मंग तुले भरवसू," नाना हताश होऊन म्हणाला. काय तो आनंद माझा! आठ दिवस मी हवेत चालत होतो.

तिकडे पाचोऱ्याहून वैशालीचा फोन. "आबा! आकडा कुठल्या कुठे गेलाय! आपली ती पुढाऱ्यासारख्या वांग्याची पोस्ट चालली वाटतं. आणि फोन येताहेत, जागा धरून ठेवा म्हणून. भुसावळहून, जळगावहून, फैजपूरहून!" तिचा आवाज असा थरथरत होता की मला सांगायचा धीरच झाला नाही. आणि म्हटलं, आकडा आकडाच असतो. कुठून का येईना!

ती परत आली ती फोनलाच चिकटून; माणसं नक्की कोणत्या पोस्टवरून येताहेत, ते बघायलाही तिला सवड नव्हती. फोनवरची माणसं मात्र थोडी विचित्र विचारायची. "तिथे खाणारं कुणी मिळेल ना?" वैशालीला वाटायचं, सोबत विचारताहेत. "हो हो, भरपूर माणसं असतील." एका बाईने विचारलं, "ढेकरेला जागा मोकळी आहे ना?" वैशालीने फोन ठेवून मला विचारलं, "आबा, ढेकरेला म्हणजे काय हो?" मी एकदम खोकलो आणि विहिरीकडे गेलो.

चंपाषष्ठीचा रविवार उजाडला. काय दिवस होता! हवेत गारवा, उत्तरेला सातपुडा धुक्यातून अर्धाच वर आलेला, जणू तोही पांघरुणातून डोकं काढून विचारतोय, भरीत झालं का? बायांनी काड्या पेटवल्या. धूर सरळ वर न जाता केळीच्या पानांखालून रांगत निघाला. लाकडी बडगीत वांगी, मिरच्या, लसूण कुटायचा धप् धप् आवाज, कांद्याच्या पातीचा वास. आणि गाड्यांवर गाड्या! दीडशे माणूस शेतात उतरलं. प्रमोद धुळ्याहून येऊन बांधावर उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. वैशालीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि मी खाटेवर बसून मिशीला पीळ दिला. तेवढाच काय तो माझा विजयाचा क्षण. पुरवून पुरवून सांगतोय.

पत्रावळी मांडल्या. भरीत वाढलं. भाकरी वाढल्या. देवाला नैवेद्य दाखवला. वैशाली म्हणाली, "चला, सुरू करा!"

कुणी हात लावेना.

भुसावळचा एक चष्मेवाला मास्तर शेजारच्याला म्हणाला, "घ्या ना, तुम्ही घ्या."

"छे छे, तुम्ही घ्या."

"नाही हो, मी तुम्हाला भरवणार आहे."

"मला कसं चालेल? मलाच स्वप्न पडलंय!"

"तुम्हालाही?"

बायकांच्या पंगतीत तेच. "ताई, एक घास माझ्या हातचा." "अगं बाई, मीच कुणाला तरी भरवायला आलेय!" प्रत्येकाच्या हातात घास, प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या तोंडाकडे, आणि प्रत्येकाचं तोंड घट्ट बंद. दीडशे माणसं, दीडशे घास, आणि खाणारा एक नाही! अहो, लग्नातसुद्धा एवढा आग्रह मी बघितला नाही. गाड्यांचे दोन ड्रायव्हर सापडले, त्यांना चार-चार जणांनी धरून भरवलं. बांधावरचं कुत्रं दोन पत्रावळींनंतर उठून निघून गेलं.

वैशाली गोरीमोरी झाली. "काय झालं? चव बघा तरी! तिखट आहे का?"

"चव उत्तम असणार हो," मास्तर म्हणाले. "वास फार सुरेख आहे. पण हिवाळा सरेपर्यंत आम्हाला चालत नाही."

तेवढ्यात नाना आला. हातात भलीमोठी पत्रावळ. आणि मोठ्याने म्हणाला, "आबाले सपन पडेल नही! आबाले चाली!"

दीडशे माना माझ्याकडे वळल्या.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. हात आठवतात. चारही बाजूंनी घास येत होते. नाना माझ्या छातीवर गुडघा टेकून, "खाय भो, खाय! मन्हं सपन उतरू दे!" एक बाई म्हणत होती, "बाबा, ढेकर द्या, माझ्या सासूबाईंच्या नावानेही एक द्या." मी ढेकरा दिल्या. लहान दिल्या, मोठ्या दिल्या. सातवी-आठवी पत्रावळ झाली तेव्हा माझ्या कानांतूनही वाफ निघायला लागली असावी, त्या पुढारी वांग्यासारखी.

मधल्या फटीतून मला बांध दिसला. प्रमोद वैशालीला हळूच म्हणत होता, "झाला ना हंगाम? सामान बांधायला घे. उद्या हजर व्हायचंय." आणि ती पदराने हात पुसत होती, पुसत होती, कोरडे हात.

तेव्हा माझ्या पोटातलं भरीत एकदम गार झालं बघा. सगळ्यांच्या खोड्या काढल्या मी, पण हिला रडवायचं माझ्या यादीत कधीच नव्हतं.

घास बाजूला सारले आणि खाटेवर उभा राहिलो. "ऐका हो! ती पोस्ट मी लिहिलीय! थट्टा होती ती, नानाची! स्वप्न-बिप्न काही नाही. खा बिनधास्त!"

मास्तरांनी चष्मा नीट केला. "तुम्ही लिहिलीत? आपलं शिक्षण?"

"सातवी."

"मग?" ते समजुतीने हसले. "अहो, मोबाईलवर पहिल्या नंबरला येते ती. लिहिणारा कुणी अभ्यासू माणूस असणार."

"मीच तो अभ्यासू!"

"भरीत खपाडासाठे खोटं बोली राहिना हाऊ!" नाना ओरडला. "जनमभर खोटंच बोलना!"

आता बोला! जन्मात एकदा भर पंगतीत खरं बोललो, आणि दीडशे माणसांत एकानेही विश्वास ठेवला नाही. हात जोडले, घसा फोडला, आईची शपथ घेतली. लोक म्हणाले, बाबांना खाणं बाधलंय, सावलीत झोपवा.

एकीचा मात्र विश्वास बसला. वैशाली खाटेपाशी आली. "आबा, यातलं खरं किती?"

"सगळं," मी म्हटलं. मान वर करवेना.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त लॅपटॉप मागवला, खाटेवर मांडी घातली आणि माझी पोस्ट उघडली. "लोकांनी जिथे वाचलं, तिथेच बदललं पाहिजे. पान तेच, मथळा तोच. बोला. खरं तेवढंच बोला."

मी आयुष्यात इतका हळू कधी बोललो नाही. 'आधी लिहिलेला उपाय ही एका म्हाताऱ्याची थट्टा होती. तो सोडून द्यावा. आवडीची वस्तू सोडली की तिची आठवण येते, आणि दिवसा जिला वाट मिळत नाही ती आठवण झोपेत येऊन उभी राहते. वांगं परीक्षा घ्यायला येत नाही. ते नुसतं विचारायला येतं, कधी भेटायचं? चंपाषष्ठीला भेटावं. पोटभर खावं.'

वैशालीची बोटं थांबली. मग तिने निळं बटण दाबलं आणि हाक दिली, "मंडळी, त्या पोस्टमध्ये नवीन माहिती आलीय. एकदा परत उघडून बघा."

दीडशे मोबाईल खिशांतून, पिशव्यांतून बाहेर आले. दीडशे माना खाली. शेतात फक्त काड्या तडतडायचा आवाज. मघाशी मी घसा फोडून सांगितलेलं, तेच, अगदी तेच, पण आता ते मोबाईलवर होतं!

"खरंच की," मास्तर म्हणाले. "थट्टा होती म्हणे. कुणी म्हातारा होता." आणि माझ्याकडे वळून, "बघा बाबा, असे असतात लोक!"

मी म्हटलं, "कलियुग, मास्तर."

आणि मग जेवण सुरू झालं. ते मी कसं सांगू? कुणी बोलत नव्हतं. पाच महिन्यांनी भेटलेल्या माणसाशी सुरुवातीला कुणी बोलतं का? धूर पंगतीवरून सावकाश फिरत होता, ऊन केळीच्या पानांतून गाळून पत्रावळींवर पडत होतं, सातपुड्यावरचं धुकं निघून डोंगर निळा निळा झाला होता. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून चावत राहिले. नाना पहिल्या घासाला रडला. चौथ्या पत्रावळीनंतर मला म्हणाला, "आबा, आज सपनमा काही उनं नही तर माले करमाव नही!" म्हणजे आता वांगं स्वप्नात आलं नाही, तर ह्याला करमायचं नाही!

जेवून सगळी मंडळी जिथे जागा मिळेल तिथे आडवी झाली. दीडशे माणूस कडुनिंबाखाली, बांधावर, केळीच्या सावलीत, हात उशाला घेऊन. घोरण्याच्या लाटा सातपुड्यापर्यंत जाऊन परत येत होत्या. जागे आम्ही तिघंच. प्रमोदने पत्रावळ बोटाने पुसून चाटली, बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "उद्या मी एकटाच जातो. त्या ऑफिसवाल्यांना नाही म्हणून सांगतो." वैशाली भांडी घासायला गेली, आणि भांड्यांचा आवाज असा काही गोड येत होता, की मी कूस बदलून झोपून गेलो. आठ पत्रावळी कमी का असतात?

पुढच्या आठवड्यात तिने परत यादी उघडली. मी लांबच बसलो होतो. मोबाईलला हात लावायची मला आता बंदी आहे.

"आबा, इकडे या. लोक एक नवीनच प्रश्न विचारायला लागलेत. भरपूर जण. आणि ह्याचं उत्तर अजून कुणीच लिहिलेलं नाही."

मी चष्मा लावून वाचलं. 'सावद्याचे आबा खोटं बोलतात का.'

"उत्तर द्यायला पाहिजे," ती गंभीरपणे म्हणाली. "गिऱ्हाईक विचारतंय."

मी दोन दुपारी बसून बोललो, तिने लिहून घेतलं. बालपण, स्वभाव, माझ्यावर झालेले अन्याय, चांगली चार पानं झाली. वैशालीने सगळं शांतपणे वाचलं, एका कडेने पुसलं, आणि एकच शब्द ठेवून बटण दाबलं. तो शब्द म्हणजे 'हो.'

आज आमच्या शेतात जेवायला येणाऱ्यांत सगळ्यात जास्त माणसं त्याच पानावरून येतात. इतकं भरवशाचं उत्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही म्हणे!